विश्लेषण : गणित चोख, तरी हॅलेचा धूमकेतू तीन दिवस उशिरा का आला?

हॅलेचा धूमकेतू १९१० मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ कधी पोहोचेल, याचे गणित ब्रिटनमधील ग्रिनिच वेधशाळेच्या कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी आधीच मांडले होते. संगणक नव्हते, सगळी आकडेमोड हाताने. तारीख निघाली १७ एप्रिल. धूमकेतू पोहोचला २० एप्रिलला. चूक आकडेमोडीत होती का?

असे गणित मांडतात कसे?

धूमकेतूची चाल, रक्तातील औषधाची मात्रा, यानाची कक्षा यांची समीकरणे फक्त ‘या क्षणी बदलाचा वेग किती’ एवढेच सांगतात. त्यांना अवकल समीकरणे म्हणतात. बहुतेकांचे उत्तर एखाद्या सूत्रात मिळत नाही. मग काळाचे तुकडे करून एकेक पाऊल पुढे जावे लागते. सर्वांत साधी रीत ऑयलरची, १७६८ मधली. पावलाच्या सुरुवातीचा वेग पाऊलभर तोच राहील, असे ती धरून चालते.

समजा १०० रुपये वर्षाला १० टक्के दराने, पण क्षणाक्षणाला वाढत आहेत. दहा वर्षांनी २७१ रुपये ८३ पैसे व्हायला हवेत. वर्षाला एक पाऊल टाकले तर ऑयलरच्या रीतीने २५९ रुपये ३७ पैसेच होतात. तिमाहीला एक, म्हणजे ४० पावले टाकली तरी २६८ रुपये ५१ पैसे. पाऊल निम्मे केले की चूक साधारण निम्मीच होते. म्हणून ही ‘पहिल्या क्रमाची’ पद्धत.

चौथ्या क्रमाने काय साधते?

जर्मन गणिती रुंगे (१८९५) आणि कुट्टा (१९०१) यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रत्येक पावलात वेग चार वेळा तपासते : एकदा सुरुवातीला, दोनदा मध्यावर, एकदा शेवटी. मधल्या दोन्ही वेगांना दुप्पट वजन देऊन सरासरी काढायची आणि मग पाऊल टाकायचे. येथे पाऊल निम्मे केले की चूक सोळाव्या हिश्शावर येते. वरच्याच उदाहरणात दहा पावले, म्हणजे वेगाची ४० गणिते. मेहनत ऑयलरच्या ४० पावलांएवढीच, पण चूक उरते एका पैशाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढी! ऑयलरच्या रीतीने इथवर यायला साडेसहा लाख पावले लागतील.

मग क्रम वाढवतच का नेत नाहीत?

कारण खर्च वाढतो. चौथ्या क्रमाला वेगाची चार गणिते पुरतात. पाचव्याला किमान सहा लागतात, आठव्याला अकरा. न्यूझीलंडचे गणिती जॉन बुचर यांनी या मर्यादा सिद्ध केल्या. दुसरी अडचण अशी, की मोठ्या क्रमाचा फायदा बदल गुळगुळीत असेल तरच मिळतो. यानाचे इंजिन अचानक पेटले आणि तो क्षण पावलाच्या मधोमध आला, तर आठवा क्रमही कामाचा नाही. पाऊल नेमके त्या क्षणी थांबवून पुन्हा सुरू करावे लागते. आजची अनेक सॉफ्टवेअर १९८० मधील डॉर्मंड-प्रिन्स पद्धत वापरतात. ती पाचव्या आणि चौथ्या क्रमाची उत्तरे ताडून पाहते आणि फरक मोठा दिसला की पाऊल स्वतःच लहान करते.

आणि ते तीन दिवस?

कॉवेल-क्रॉमेलिन यांची रीत रुंगे-कुट्टाची नव्हती. मागच्या अनेक पावलांची माहिती वापरून पुढचे पाऊल टाकणारी, पण तीही उच्च क्रमाचीच. तारीख हुकल्यावर त्यांनी आपले गणित पुन्हा तपासले. निदान दोन दिवसांचा फरक आकडेमोडीचा किंवा ग्रहांच्या स्थानांचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष काढता आला तो पद्धतीवर भरवसा होता म्हणूनच. ऑयलरच्या रीतीने गेले असते तर सगळा दोष तिच्याच माथी बसला असता. धूमकेतू हा बर्फ आणि धुळीचा गोळा असून सूर्याच्या उष्णतेने त्यातून उसळणारे वायू त्याला रॉकेटसारखे ढकलतात, हे फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडले. १९१० च्या समीकरणात फक्त सूर्य आणि ग्रहांचे गुरुत्वाकर्षण होते, हा धक्का नव्हताच.