विद्यापीठांच्या इमारतींतली हवा

विद्यापीठाच्या एकाच इमारतीत व्याख्यानाचे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, झेरॉक्सची खोली आणि तळघरातली गोदामे एकमेकांना लागून असतात. प्रत्येक ठिकाणच्या हवेत काहीतरी वेगळे मिसळते. त्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि मोजायला सर्वांत सोपा घटक म्हणजे माणसांचा उच्छ्वास.

बाहेरच्या हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. उच्छ्वासात ते ४०,००० च्या आसपास असतात. खिडक्या लावून घेतलेल्या भरगच्च वर्गात तासाभरात हे प्रमाण दोन-तीन हजारांवर जाऊ शकते. म्युनिकचे प्राध्यापक माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १,००० ही मर्यादा सुचवली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, हे त्यांनाही मान्य होते. पण तो वाढला याचा अर्थ बाहेरची हवा आत येत नाही आणि एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो आहे. ही दृष्टी आजही तितकीच उपयोगी आहे.

तैवानमधल्या एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ पसरली, तेव्हा याचा पडताळा आला. कोंदट वर्गांमध्ये कार्बन डायऑक्साइड ३,००० च्या वर गेलेला आढळला. हवा खेळती करून तो ६०० च्या आसपास आणण्यात आला. पुढे संशोधकांनी आकडेवारी तपासली, तेव्हा हे प्रमाण १,००० च्या खाली ठेवण्याचा संबंध रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांमधल्या नव्या क्षयरोगात झालेल्या सुमारे ९७ टक्के घटीशी दिसला. क्षयाचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात असताना वर्गाच्या खिडकीकडे केवळ सोयीची गोष्ट म्हणून पाहणे परवडणारे नाही.

कोंदटपणाचा परिणाम विचारशक्तीवरही होत असावा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या प्रयोगात २४ जणांना वेगवेगळ्या हवेत काम करायला बसवले होते. कार्बन डायऑक्साइड ९४५ असताना त्यांचे गुण सुमारे १५ टक्क्यांनी, तर १,४०० असताना जवळपास निम्म्याने घसरले. नंतरच्या काही प्रयोगांत एवढी घसरण दिसली नाही, त्यामुळे हे आकडे अंतिम मानता येत नाहीत.

वर्गात स्प्लिट एसी बसवला की हवेचा प्रश्न सुटला, असा समज आपल्याकडे रुजला आहे. हा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो; बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. उलट गारवा टिकावा म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि कोंदटपणा वाढतो. मात्र रहदारीच्या रस्त्यालगत किंवा दिल्लीच्या हिवाळ्यात खिडकी उघडली की सूक्ष्म धूलिकण आत येतात. अशा ठिकाणी बाहेरची हवा गाळून आत सोडणारी यंत्रणाच लागते.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शवविच्छेदन कक्षात धोका वेगळा असतो. देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळे चुरचुरणे, घशाला कोरड पडणे, खोकला येणे हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी जाणवते. काही वेळाने नाक वासाला सरावते. वायू तेवढाच राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. विद्यार्थी देहावर ओणवे होऊन काम करतात, म्हणून छताजवळचा एक्झॉस्ट फॅन पुरत नाही. वायू टेबलाच्या पातळीवरच ओढून घ्यावा लागतो, म्हणजे तो चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. नव्या प्लायवूडच्या आणि एमडीएफच्या फर्निचरमधूनही हाच वायू निघतो, अर्थात बराच कमी.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांवर, कपाटांमागे बुरशी धरते. तिच्या बीजाणूंनी दमा बळावतो. भिंत पुसून बुरशी जात नाही; गळती थांबवावी लागते.

काही धोके बांधकामातच दडलेले असतात. पॅरिसच्या ज्युसिय या विद्यापीठ संकुलातल्या इमारती १९६० आणि ७० च्या दशकांत उभ्या राहिल्या. आगीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्या लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा थर फवारला होता. तिथेच काम करणारे शास्त्रज्ञ आंरी पेझेरा आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून याविरुद्ध झगडले. १४ जुलै १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी विद्यार्थ्यांना संकुलाबाहेर हलवण्याची घोषणा केली. १ जानेवारी १९९७ पासून फ्रान्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आली. संकुलाच्या सफाईला आणि नूतनीकरणाला मात्र आणखी सुमारे दोन दशके लागली. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो, म्हणून तिथे शिकलेल्यांची आणि काम केलेल्यांची काळजी इमारत साफ झाल्यावरही संपत नाही.

भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे आजही वापरात आहेत. धड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. तो फोडला, कापला किंवा त्याला भोके पाडली की ते हवेत मिसळतात. जुन्या शेडची दुरुस्ती काढताना पत्रे ओले करून, न तोडता उतरवणे आणि त्या काळात तो भाग विद्यार्थ्यांसाठी व कर्मचाऱ्यांसाठी बंद ठेवणे आवश्यक असते. पत्रे उतरवणाऱ्या मजुरांना साधा रुमाल पुरत नाही. त्यांना तंतू अडवणारे योग्य मास्क द्यावे लागतात.