जॉज की एनव्हीडीए? दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर बदलतात तेव्हा नेमकं काय बदलतं?

कीबोर्डवर इन्सर्ट हे बटण दाबून धरायचं आणि क्यू दाबायचा. 'जॉज' या सॉफ्टवेअरमध्ये असं केलं की सध्या कोणता प्रोग्राम सुरू आहे ते ऐकू येतं. 'एनव्हीडीए' या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तीच दोन बटणं दाबली की एनव्हीडीए बंद करण्याची खिडकी उघडते. सवयीने एन्टर दाबलं गेलं की आवाज गायब. डोळ्यांनी स्क्रीन पाहणाऱ्याला ही किरकोळ गडबड वाटेल. पण जो कॉम्प्युटर फक्त कानांनी वापरतो, त्याच्यासाठी आवाज गेला म्हणजे स्क्रीनच गेली.

जॉज आणि एनव्हीडीए हे दोन्ही स्क्रीन रीडर आहेत. स्क्रीनवरचा मजकूर, मेन्यू, बटणं, फॉर्ममधले रकाने हे सगळं ते बोलून दाखवतात. माउसचा उपयोग नसतो, सगळं काम कीबोर्डवर. काम एकच असेल तर एक सोडून दुसरा घेण्यात अवघड काय, असं कुणालाही वाटेल.

बोटांना नवीन पाठांतर

अवघड आहे ते सवयीमुळे. वेबसाइटवर एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जायला एच दाबायचा, हे दोन्हीकडे सारखं आहे. इन्सर्ट आणि टी दाबलं की खिडकीचं नाव कळतं, तेही सारखंच. पण एनव्हीडीएमध्ये के दाबला की पुढची लिंक मिळते, आणि जॉजमध्ये के तुम्ही स्वतः ठेवलेल्या खुणेवर घेऊन जातो. जॉजमध्ये इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं की फक्त लिंकची यादी येते, शीर्षकांसाठी एफ ६. एनव्हीडीएमध्ये एफ ७ वरच दोन्ही, यादी उघडल्यावर काय हवं ते निवडायचं.

मराठी टायपिंग रेमिंग्टनवर शिकलेल्या माणसाला एके दिवशी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड दिला तर जे होईल, साधारण तसंच हे. त्यात आवाजही बदलतो. सरावलेले वापरकर्ते आपल्याला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगाने ऐकतात. तो वेग एका ठरावीक आवाजावर कमावलेला असतो. नवा आवाज कितीही गोड असला तरी सुरुवातीला वेग कमी करावाच लागतो.

एक महागडा, एक मोफत

जॉज तयार करणारे टेड हेंटर हे अमेरिकन मोटरसायकल रेसर. १९७८ मध्ये कार अपघातात त्यांची दृष्टी गेली, त्यानंतर ते प्रोग्रामिंगकडे वळले. १९८७ मध्ये त्यांनी कंपनी काढली, दोन वर्षांनी डॉससाठी जॉज आलं आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी. ऑफिसातल्या खास सॉफ्टवेअरसाठी जॉजमध्ये वेगळ्या स्क्रिप्ट लिहिता येतात, म्हणून नोकरीच्या ठिकाणी ते टिकून आहे. मात्र अमेरिकेत त्याच्या प्रोफेशनल लायसन्सची किंमत एक हजार डॉलरच्या वर जाते.

एनव्हीडीएची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. मायकल करन आणि जेम्स टेह हे दोन दृष्टिहीन तरुण त्यामागे होते. डोळस माणसाला कॉम्प्युटर विकत घेतल्यावर स्क्रीनचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग आम्हालाच का, हा त्यामागचा साधा हिशेब. एनव्हीडीए आजही मोफत आहे.

आता समजा, माढ्याची एखादी विद्यार्थिनी पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जॉजवर शिकली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून आहे, तशा एखाद्या ठिकाणी. शिक्षण संपवून ती घरी माढ्याला आली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर जॉज टाकलं. लायसन्स नसेल तर ते एका वेळी ४० मिनिटं चालतं. पुन्हा वापरायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा. अर्धा भरलेला ऑनलाइन फॉर्म, लॉगिन, ओटीपी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिच्यासाठी एनव्हीडीएकडे वळणं ही आवडीनिवडीची गोष्ट उरत नाही.

कधी कधी तर निर्णय कंपनीच घेते. 'विंडो-आईज' हा जॉजचा जुना प्रतिस्पर्धी २०१७ मध्ये बंद करण्यात आला आणि वर्षानुवर्षं तो वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं.

म्हणूनच अनेक जण एकावर अवलंबून राहत नाहीत. अमेरिकेतल्या 'वेबएम' संस्थेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ४०.५ टक्के लोकांनी जॉज हा आपला मुख्य स्क्रीन रीडर असल्याचं सांगितलं, ३७.७ टक्के लोकांनी एनव्हीडीए. पण जवळपास ७२ टक्के लोक कॉम्प्युटरवर एकापेक्षा जास्त स्क्रीन रीडर वापरत होते. एखादं पान एकाला वाचता आलं नाही तर दुसऱ्याने प्रयत्न करायचा. खरं तर हे वेबसाइट बनवणाऱ्यांचं अपयश आहे, पण धडपड वापरणाऱ्याला करावी लागते.

मराठीचं काय?

जॉजच्या जुन्या वापरकर्त्यांचा आवडता 'एलोक्वेन्स' हा आवाज मराठी बोलत नाही. एनव्हीडीएसोबत मिळणाऱ्या 'ईस्पीक एनजी'मध्ये मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, पण मराठी वाचतो. मराठीतून अभ्यास करणाऱ्याला बदल करायला हे एक कारण पुरेसं ठरू शकतं.

एका ठिकाणी मात्र कोणताही बदल कामाचा नाही, तो म्हणजे जुने फॉन्ट. कृतीदेवमध्ये टाइप केलेला 'माढा' हा शब्द डोळ्यांना माढाच दिसतो. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. एकेक अक्षर वाचायला लावलं तर स्क्रीन रीडर म्हणेल, ई, के, 'पेक्षा लहान'चं चिन्ह, पुन्हा के. फाईल युनिकोडमध्ये असेल तरच त्याला मराठी कळेल. आणि कागद स्कॅन करून नुसता फोटो पीडीएफ म्हणून टाकला असेल, तर ओसीआर केल्याशिवाय वाचायला काहीच नसतं. नोटिसा आणि परिपत्रकं टाइप करणाऱ्या प्रत्येक ऑफिसला हे माहीत असायला हवं.

परीक्षेच्या कॉम्प्युटरवर कोणता?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी स्क्रीन रीडरच्या मदतीने अभ्यास करून २०१६ मध्ये यूपीएससी परीक्षेत ७७३ वी रँक मिळवली आणि पुढच्या वर्षी १२४ वी. पण परीक्षेत उत्तरं लिहायला लेखनिकाचाच आधार, हीच आजवरची रीत आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी यूपीएससीने दृष्टिहीन उमेदवारांना स्क्रीन रीडर देण्याचा तत्त्वतः निर्णय घेतल्याचं कोर्टाला सांगितलं.

निर्णय चांगला आहे. पण केंद्रावर जॉज असेल की एनव्हीडीए, आवाज कोणता, मराठी आहे की नाही, हे उमेदवाराला आधी कळलं पाहिजे आणि सरावही करता आला पाहिजे. माढ्याहून सोलापूरला परीक्षेला गेलेल्या विद्यार्थिनीची पहिली १५ मिनिटं बटणं शोधण्यात गेली, तर तिची परीक्षा विषयाची उरत नाही.

बदल करायचाच असेल तर

जुना लगेच काढून टाकू नये. मात्र दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवू नयेत, दोघं एकमेकांवर बोलतात आणि कोणतं बटण कुणाचं हेच कळेनासं होतं. जॉज बंद करायला इन्सर्ट आणि एफ ४. इन्स्टॉल केलेलं एनव्हीडीए सुरू करायला कंट्रोल, अल्ट आणि एन. इन्सर्ट आणि १ दाबलं की दोन्हींमध्ये सरावाची सोय सुरू होते. मग कोणतंही बटण दाबा, ते काय करतं हे फक्त सांगितलं जातं, प्रत्यक्षात काही घडत नाही. पुन्हा इन्सर्ट आणि १ दाबलं की सोय बंद. पहिले काही दिवस रोज थोडा वेळ यासाठी द्यावा आणि महत्त्वाचे फॉर्म जुन्यावरच भरावेत.

एनव्हीडीए पेन ड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करताही चालवता येतं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत आपल्या सेटिंगसह ते सोबत नेता येतं. आणि सगळंच गप्प झालं, तर विंडोज, कंट्रोल आणि एन्टर ही तीन बटणं एकत्र दाबावीत. विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच असलेला 'नॅरेटर' बोलायला लागतो.