बासष्ट सालचे दोन बास

1962 साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या फेंडर कारखान्यात तयार झालेले दोन इलेक्ट्रिक बास. एक प्रिसिजन, दुसरा जाझ. दोन्हींना चार तारा, दोन्हींत तारेची बोलती लांबी 34 इंच. पहिला डेट्रॉइटमध्ये जेम्स जेमरसनच्या हाती वाजला, दुसरा पुढे फ्लोरिडाच्या जाको पास्टोरियसच्या. दोघांचं वादन एकापाठोपाठ ऐकलं, तर ही एकाच घरची भावंडं आहेत हे सांगूनही पटत नाही.

जेमरसन मूळचा डबल बासवाला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याने प्रिसिजन हाती घेतला, पण हाताला सवय त्या उभ्या, अजस्र वाद्याची. त्याने ला बेलाच्या जाडजूड, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा चढवल्या आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा शिरस्ता ठेवला. तारा मानेपासून बऱ्याच उंच. घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणजे सूर उमटला की लगेच विझतो. छेडायला एकटी तर्जनी. गंमत अशी की टोनचं बटण मात्र पूर्ण उघडं! त्याचा तो गडद, गोल आवाज बटण फिरवून आलेला नाही. जुन्या चपट्या तारेतून आणि फोममधून तीव्र स्वरांश मुळात फारसे बाहेरच पडत नव्हते. मग बटणाने कापायचं काय?

जाकोचा मार्ग नेमका उलटा. त्याच्या जाझ बासचे पडदे काढलेले, खाचा बुजवलेल्या, वर बोटींसाठी वापरतात तसल्या इपॉक्सीचा कडक लेप. कारण रोटोसाउंडच्या गोल वेटोळ्याच्या तारा. त्या कानशीसारख्या घासतात, नुसतं शिसवी लाकूड खाऊन टाकतात. पडदे नसल्याने तार पृष्ठभागाला चाटत कंप पावते आणि स्वर गुणगुणतो. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय जाकोचा भर तारेचं कंपन टिपणाऱ्या पिकअपपैकी घोडीजवळच्या पिकअपवर. तारेच्या टोकाशी मूळ स्वराचं आंदोलन अगदी तोकडं असतं, त्यामुळे वरचे स्वरांश पुढे येतात आणि आवाज माणूस बोलल्यासारखा नाकातून येतो.

बहुतेक हौशी वादक मात्र आवाज घडवायची सुरुवात बटणांपासून करतात. हा उलटा कारभार. आधी तारा, मग मान, मग उंची, आणि बटणं सगळ्यांत शेवटी. चार तारांचा एकत्रित ताण पाऊणशे किलोच्या पुढे जातो. त्याने मान पुढे वाकते आणि आतली पोलादी सळई तिला मागे खेचते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी डोकावायचं: तिथे जाड कागदाएवढी, साधारण 0.3 मिलिमीटर फट दिसली की पुरे. सळईला एका वेळी पाव फेराच द्यायचा. मग तारांची उंची ठरवणारे घोडीवरचे स्क्रू. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा चढा निघाला, तर त्या तारेची बैठक मागे सरकवायची. पिकअप तारेच्या फार जवळ आणला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.

जाझ बासवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की पिकअपची घरघर एकमेकांना मारते, पण मधले स्वरांशही खचतात. एक बटण केसभर मागे घेतलं की ते परत येतात. आणि घरघरही.

जेमरसन आणि जाकोचे ते दोन्ही बास पुढे चोरीला गेले. जेमरसनचा 1983 साली, त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी. जाकोचा 1986 मध्ये न्यूयॉर्कमधून. जाकोचा तब्बल वीस वर्षांनी सापडला आणि 2010 साली मेटालिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोच्या मदतीने जाकोच्या कुटुंबाकडे परतला.

जेमरसनच्या तारा मात्र आजही मिळतात: ला बेला त्याच्या नावाने 0.052 ते 0.110 इंच जाडीचा संच विकते. तो आणून नेहमीच्या बासवर चढवला, की तारा मानेच्या वरच्या टोकाशी असलेल्या पट्टीच्या खाचांत नीट बसत नाहीत, अडकतात. मग बारीक कानस घेऊन खाचा रुंद करायच्या आणि पुन्हा सळईपासून सुरुवात करायची.