बेवारस आणि बेपत्ता

बेवारस प्रेत एका राज्यात सापडतं आणि त्या माणसाची वाट पाहणारं घर दुसऱ्याच राज्यात असतं. अमेरिकेतले कितीतरी खून याच ठिकाणी अडकून पडले आहेत. ज्या हद्दीत प्रेत सापडलं तिथले पोलीस आसपासच्या बेपत्ता लोकांच्या याद्या चाळतात, नाव मिळत नाही, फाइल कपाटात जाते. घरचे तिकडे आपल्या गावच्या ठाण्यात हेलपाटे घालत राहतात. दोन्ही कागद एकमेकांसमोर येतच नाहीत. ते समोरासमोर आणण्याचं काम तिथे गेली पंचवीसेक वर्षं साधी माणसं करत आली आहेत. कुणी ग्रंथपाल आहे, कुणी कारखान्यात कामाला आहे. या कामाचा त्यांना पगार नाही आणि पोलिसांचा अधिकारही त्यांच्याकडे नाही.

हे काम जवळून समजून घ्यायचं म्हणून मी स्वतः करायला बसले. ‘नेमस’ हा अमेरिकेचा राष्ट्रीय नोंदसंग्रह आहे. त्यात एका बाजूला ओळख न पटलेली प्रेतं आणि दुसऱ्या बाजूला बेपत्ता माणसं अशा दोन याद्या आहेत. 2009 मध्ये त्या एकमेकींना जोडल्या गेल्या. बराचसा मजकूर कुणालाही वाचता येतो. नोंद उघडली की आपल्या वर्तमानपत्रांतली पोलिसांची निवेदनं आठवतात. ‘वय अंदाजे 35, रंग निमगोरा, चेहरा उभट, बांधा सडपातळ, नेसणीस हिरवी साडी’ ही आपली ठरलेली भाषा. तिथेही वय, उंची, केस, कपडे, दागिने असतात. पण सराईत माणूस आधी तीनच गोष्टी बघतो : दातांची माहिती आहे का, बोटांचे ठसे आहेत का, डीएनए काढलाय का.

मी एका नदीकाठी सापडलेल्या बाईची नोंद घेतली. वय 25 ते 40, उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, मनगटाचं हाड कधीतरी मोडून भरून आलेलं. आता समोरच्या यादीतून एकेक नाव घ्यायचं. पहिली चाळण तारखेची. प्रेत सापडल्यानंतरही जी कुणाशी बोलली आहे ती बाद. मग उंची, पण तिथे इंच दोन इंच सैल सोडायचे, कारण घरचे उंची आठवून सांगतात आणि हाडावरून काढलेली उंची हा अंदाजच असतो. मनगटाचा उल्लेख घरच्यांच्या वर्णनात नसला म्हणून कुणाला बाद करायचं नाही. लहानपणी हात मोडला होता हे घरच्यांच्या ध्यानात नसू शकतं.

दातांचा हिशेब मात्र चोख. काढलेला दात परत उगवत नाही. बेपत्ता बाईची खालची दाढ काढल्याची नोंद असेल आणि प्रेताच्या जबड्यात तीच दाढ शाबूत असेल, तर ही ती नव्हे. उलट झालं, म्हणजे बेपत्ता होताना दाढ होती आणि प्रेताला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मधल्या काळात ती काढलेली असू शकते. खूण एका दिशेनेच बोलते. हे एकदा डोक्यात बसलं की नोंदी वाचण्याची पद्धतच बदलते. साम्य शोधायचं नसतं, विसंगती शोधायची असते. साम्य तर हवं तितकं सापडतं. तपकिरी केस आणि मध्यम बांधा असलेल्या बायका प्रत्येक राज्यात शेकड्यांनी आहेत.

नोंदीच्या शेवटी एक यादी असते : ज्यांच्याशी ताडून पाहिलं आणि जुळलं नाही अशांची नावं. त्या यादीपाशी मी फार वेळ थांबले. प्रत्येक नावामागे एक घर आहे. त्या घरातल्या कुणाच्या तरी लाळेचा नमुना किंवा दंतवैद्याकडची जुनी फिल्म कुणीतरी तपासून ‘ही तुमची नव्हे’ असं ठरवलेलं आहे. नवख्या माणसाने आधी हीच यादी वाचावी. ज्यांची शंका फिटलेली आहे त्यांची नावं पुन्हा पाठवून तपास अधिकाऱ्यांचा वेळ खाऊ नये.

वयाच्या आकड्यावर फार विसंबू नये, हे या कामात सगळ्यांना केंटकीतल्या एका प्रकरणाने शिकवलं. 17 मे 1968 ला जॉर्जटाऊनजवळ, महामार्गालगत, विहिरी खोदणाऱ्या विल्बर रिडल यांना तंबूच्या कापडात गुंडाळलेलं एक प्रेत सापडलं. वय 16 ते 19 असावं असं ठरलं, आणि ‘टेंट गर्ल’ म्हणून तिला पुरण्यात आलं. पुढे रिडल यांचा जावई टॉड मॅथ्यूज या शोधाने झपाटला. तो टेनेसीतल्या कारखान्यात काम करायचा. सुमारे दहा वर्षांनी, जानेवारी 1998 मध्ये, इंटरनेटवर त्याला एका बहिणीने लिहिलेला मजकूर दिसला. तिची बहीण 1967 च्या अखेरीपासून लेक्सिंग्टनहून बेपत्ता होती. प्रेत पुन्हा उकरलं, डीएनए जुळला. ती बार्बरा ॲन हॅकमन टेलर होती, वय 24, एका तान्ह्या मुलीची आई. पोलीस तीस वर्षं किशोरवयीन मुलगी शोधत होते.

पण या कामाचं खरं मर्म समजलं ते न्यू हॅम्पशरच्या अलेन्सटाउन प्रकरणात. नोव्हेंबर 1985 मध्ये बेअर ब्रुक उद्यानाजवळच्या जंगलात एका पिंपात एक बाई आणि एक मुलगी सापडली. तिथून जेमतेम शंभर मीटरवर दुसरं पिंप होतं, त्यात आणखी दोन चिमुरड्या. ते सापडायला मे 2000 उजाडला. डीएनएवरून कळलं की बाई आणि दोन मुली आईकडून एका रक्ताच्या, तिसरी मुलगी मात्र त्यांच्यातली नाही. 2017 मध्ये आणखी एक धागा हाती आला : कॅलिफोर्नियात खुनाची शिक्षा भोगताना 2010 मध्ये तुरुंगात मेलेला एक माणूस त्या तिसऱ्या मुलीचा बाप होता. तो अनेक खोट्या नावांनी जगला होता. त्याचं खरं नाव टेरी रासमुसेन. खुनी कळला, मेलेल्यांची नावं मात्र अजून कुणालाच ठाऊक नव्हती.

कनेटिकटमधल्या रिबेका हीथ या ग्रंथपाल बाईंनी नावं शोधली, आणि ती बेपत्तांच्या शासकीय यादीत शोधली नाहीत. वंशावळी जुळवणारे लोक आपल्या हरवलेल्या नातलगांबद्दल एकमेकांना लिहितात, तिथे त्या गेल्या. ‘माझी सावत्र बहीण, जन्म 1977, कुणाला माहीत आहे का?’ अशा धर्तीच्या त्या चौकशा. लिहिणाऱ्यांच्या मनात खुनाचा संशयही नसतो. त्यांच्या लेखी ते माणूस संपर्कातून सुटलेलं असतं, एवढंच. असंच सारा मॅकवॉटर्स या मुलीचं नाव हीथ यांनी एकदा टिपून ठेवलं होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये या प्रकरणावरची ध्वनिमालिका ऐकताना त्या नावाकडे परतल्या आणि घरच्यांना गाठलं. साराची आई मार्लिस हनीचर्च 1978 च्या थँक्सगिव्हिंगला कॅलिफोर्नियातल्या ला प्युएन्टे गावी माहेरी आली होती, भांडण झालं, आणि ती मुलींना घेऊन सोबतच्या माणसाबरोबर निघून गेली. त्या माणसाचं आडनाव काय? रासमुसेन.

इथे हीथ यांनी काय केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी गाजावाजा केला नाही, माहिती तपास अधिकाऱ्याच्या हाती दिली. त्याच सुमारास बार्बरा रे-व्हेंटर या वंशावळतज्ज्ञ, मूळ नसलेल्या केसांतून काढलेल्या डीएनएवरून, त्याच नावांपाशी पोहोचत होत्या. 6 जून 2019 ला मार्लिस, तिची मोठी मुलगी मरी आणि सारा यांची नावं जाहीर झाली. रासमुसेनच्या मुलीला 2025 मध्ये नाव मिळालं, ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ या संस्थेच्या मदतीने. तिची आई पेपर रीड आणि रासमुसेनची मैत्रीण, 1981 पासून बेपत्ता असलेली डेनिस बोडिन अजूनही सापडलेल्या नाहीत.

आकड्यांतून जोड शोधणारेही आहेत. टॉमस हार्ग्रोव्ह या पत्रकाराने देशभरातल्या खुनांच्या नोंदींतून जागा, वय, लिंग आणि खुनाची पद्धत यांचे गट पाडले, आणि ज्या गटांत तपास लागण्याचं प्रमाण फारच कमी आहे ते बाजूला काढले. इंडियानातल्या गॅरी शहरात गळा आवळून मारलेल्या बायकांचा गट उठून दिसला. 2010 मध्ये त्याने तिथल्या पोलिसांना कळवलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. 2014 मध्ये डॅरन व्हॅन पकडला गेला आणि त्याने पोलिसांना शहरातल्या ओस घरांमधली सहा प्रेतं दाखवली.

याच उत्साहाने घात केल्याचं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. 2013 च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी तपासकांनी भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला हल्लेखोर ठरवलं. घरचे त्याला शोधत होते आणि त्यांच्यावरच शिव्यांचा भडिमार झाला. तो मुलगा निर्दोष होता आणि तोवर मरणही पावलेला होता. म्हणून माझं ठाम मत आहे : हौशी माणसाने मेलेल्याचं नाव शोधावं, मारणाऱ्याचं नाही. खुनी शोधण्यासाठी जबाब, जप्ती आणि अधिकार लागतो. नाव शोधायला वेळ आणि माया लागते, आणि ती पोलिसांपेक्षा या माणसांकडे जास्त आहे. जुळणी वाटली तरी ती संबंधित अधिकाऱ्याला कळवावी, घरच्यांना परस्पर कधीही नाही.

आणि वाचकांना एक विनंती. मार्लिस भांडून गेली, म्हणून ती येईल तेव्हा येईल असंच घरच्यांना वाटत राहिलं असेल. आपल्याकडेही ‘रागावून गेलाय, राग शांत झाला की येईल’ म्हणत कितीतरी घरं थांबून राहतात. थांबू नका. ठाण्यात जाऊन मिसिंगची तक्रार दाखल करा आणि तिचा नोंद क्रमांक मागून घ्या. मोडलेलं हाड, जुनं ऑपरेशन, गोंदण, काढलेली दाढ हे सगळं आठवून तक्रारीत लिहायला लावा. दंतवैद्याकडचा एक्स-रे फेकू नका. पुढे कुठल्या तरी अनोळखी जिल्ह्यात ओळख पटवायची वेळ आली, तर तेवढंच हाताशी असेल.