कुसळाची पेरणी आणि माळाचा धनी

"आजोबा, इथं तर काहीच नाही!"

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर उतरल्या उतरल्या नातवानं निकाल दिला. धाकटी तर रुसलीच. जंगल दाखवतो म्हणून मी त्यांना आणलं होतं आणि समोर एक धड झाड नव्हतं. मार्गशीर्षातला माळ, पिकल्या ज्वारीच्या रंगाचं वाळलेलं गवत, वर मोकळं आभाळ. दहा पावलं चाललो नाही तोच दोघांचे मोजे कुसळांनी भरले.

मी त्यांना तिथंच खाली बसवलं. मोज्यातलं एक कुसळ उपसून नातीच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला. जरा वेळ काही झालं नाही. मग कुसळाची ती पीळ पडलेली काळसर शेपटी हलली आणि गोल गोल फिरायला लागली.

"आजोबा, जिवंत आहे हे!" पोरगी किंचाळलीच.

शेपटी जिवंत नाही, बाळा. ती वाळली की पिळवटते आणि ओली झाली की पीळ सुटतो. दिवसाचं ऊन, पहाटेचं दव, असं पिळत सुटत ती टोकाचं बी फिरवत राहते. त्या बियाला सुईसारखं टोक आहे आणि त्यावर मागं वळलेले बारीक केस, म्हणजे एकदा आत शिरलं की माघार नाही. सुताराचं गिरमिट लाकडात उतरतं तसं हे बी मातीत उतरतं. ना नांगर, ना पाभर. कुसळी गवत आपली पेरणी आपणच करतं.

आणि या गवताचा धनी कोण? माळढोक पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, म्हणजे तू बालवाडीत होतीस तेवढं वजन, आणि एवढं धूड घेऊन तो उडतो! पावसाळा आला की गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमतो, हूंऽऽम. म्हणून काही भागांत त्याचं नावच हूम. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरट्याची काडीसुद्धा न ठेवता. तिची राखण म्हणजे तिची नजर. खोकड येतंय, कुत्रं येतंय, हे लांबून दिसलं पाहिजे. आपल्याला जे 'काहीच नाही' वाटतं, तेच तिचं घर.

"मग आता कुठं आहेत ते?" नातवानं विचारलं.

देशभरात मिळून मोकळ्या रानात दीडशेसुद्धा उरले नसावेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी होते. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा असं सलीम अली सांगत होते, त्याची ही गत.

माझ्या मते त्याचं घर आधी आपल्या भाषेत मोडलं. सरकारी दप्तरात माळाला 'पडीक' म्हटलं गेलं आणि आपणही तेच म्हणू लागलो. पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळीक! कुणी नांगर घातला, कुणी मुरूम उपसला. चांगल्या मनाच्या माणसांनी तर झाडं लावली. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी. झाडाखाली सावली पडली आणि उन्हावर जगणारं गवत हटलं. वृक्षारोपणानंही कुणाचं घर मोडतं, हे पटायला मलाही फार वर्षं लागली. दुसरीकडे उजनी धरणाचं पाणी आलं, विहिरी खोल गेल्या, ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहिला. हरभऱ्याच्या रानात माळढोक किडे टिपत हिंडायचा. पुरुषभर उंच उसात त्याला चार हातांवरचंही दिसत नाही. त्यात विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं कमी दिसतं, आणि अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही.

इथं माळढोकासाठी अभयारण्य झालं होतं की, 1979 साली! पण कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठासुद्धा आल्या. जमिनीचा व्यवहार अडला, बांधकाम अडलं, आणि लोक पाखरावरच चिडले. पुढे ते कापून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. शेतकऱ्याला बाजूला सारून पाखरू वाचत नाही, हे आधीच ओळखायला हवं होतं.

"आता काय करायचं मग?"

तुझ्या पणजोबांच्या काळी गावं करत होती तेच. कुरण राखायचं. पाऊस पडला की माळाचा एक तुकडा चराईला बंद, दिवाळीनंतर बी झडलं की विळ्यानं कापणी, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद. मेंढरं चरली म्हणून माळ मरत नाही, सगळीकडे बारा महिने चरली तर मरतो. लावलेली परकी झाडं माळावरून काढायची. तारा जमिनीखालून न्यायच्या, नाहीतर निदान पाखराला दिसतील अशा चकत्या त्यांवर लटकवायच्या. कोरडवाहू ज्वारी-हरभरा पेरणाऱ्याला बरा भाव द्यायचा. गावाबाहेरचा उकिरडा आवरायचा, कारण त्यावर पोसलेली कुत्री जमिनीवरची अंडी सोडत नाहीत. जैसलमेरला 2019 पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात, छान काम आहे. पण पिल्लं सोडायला माळ लागेल ना?

निघताना नातीनं तळहातावरचं कुसळ एका भेगेजवळ ठेवलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं.

वाचकहो, येत्या जूनमध्ये तुमच्या गावात गायरानावर रोपांसाठी खड्डे खणायला माणसं निघाली, तर त्यांना थोडं थांबवा. गुडघे टेकून गवत पाहा, तिथं कुसळी आहे का, पवन्या आहे का, मारवेल आहे का. असेल, तर रोपं रस्त्याच्या कडेला लावा आणि ती जागा तशीच राहू द्या.