सुहा दिसतो का?
छोट्या दुर्बिणीतून पाहण्याजोगे जोडतारे

आपल्या घरांतली सगळी माणसे एकत्र येऊन आकाशाकडे पाहतात ती वर्षातून दोनदा, रमजानच्या चांदसाठी आणि ईदच्या चांदसाठी. चांद दिसतो, सलाम-दुआ होते आणि त्यानंतर महिनोन्‌महिने मान वर होत नाही. काही घरांत मुलांच्या हट्टामुळे छोटी दुर्बीण आलेली असते. चंद्रावरची विवरे, शनीची कडी आणि गुरूचे चार चंद्र पाहून झाले की तीही कपाटावर जाते. ती दुर्बीण खाली काढावी असे आम्हाला वाटते. त्यासाठी जोडताऱ्यांइतके चांगले निमित्त दुसरे नाही.

जोडतारा म्हणजे साध्या डोळ्यांना एकच दिसणारा, पण दुर्बिणीत दोन होणारा तारा. तेजोमेघ किंवा दूरच्या दीर्घिका पाहायला काळेकुट्ट आकाश लागते. मुंबई, पुणे, नागपूर किंवा सोलापूरच्या दिव्यांच्या उजेडात ते मिळत नाही. जोडताऱ्यांना ही अट नाही. ते शहरातल्या गच्चीवरून दिसतात, चांदण्या रात्रीही दिसतात. इशाच्या नमाजनंतरचा अर्धा तास त्यांना पुरतो.

यातल्या बऱ्याच ताऱ्यांची नावे अरबी आहेत, हे आपल्या मुलांना माहीत असावे. पण नावांचा अभिमान बाळगून थांबलो तर हाती फारसे काही लागत नाही. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी ‘किताब सुवर अल-कवाकिब’ हा ग्रंथ लिहिला. टॉलेमीची ताऱ्यांची यादी तेव्हा आठशे वर्षे प्रमाण मानली जात होती. अल-सूफींनी ती तशीच उतरवून घेतली नाही. एकेक तारा स्वतः पाहिला, त्याचे तेज तपासले आणि जिथे फरक दिसला तिथे तसे नोंदवले. हीच तहकीक. जोडताऱ्यांचा अभ्यासही शेवटी तहकीकचाच आहे, कारण जवळजवळ दिसणारे दोन तारे खरोखर एकमेकांचे आहेत की नुसते एका रेषेत आले आहेत, हे पाहताक्षणी कळत नाही.

तयारी

६० किंवा ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण या कामाला पुरते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या अंकाने भागले की किती पट मोठे दिसणार ते कळते. ७०० मिलिमीटरची दुर्बीण आणि १० मिलिमीटरचा आयपीस असेल तर ७० पट. यापुढचे बहुतेक तारे एवढ्यात दिसतात. खोक्यावर छापलेल्या ‘५०० पट’ अशा जाहिरातीकडे लक्ष देऊ नये. छोट्या भिंगाने एवढे वाढवले तर चित्र नुसते फुगते आणि धूसर होते. स्टँड डगमगत नाही ना, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे.

ताऱ्यांमधले अंतर विकलांत मोजतात. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण १,८०० विकला भरते. ६० मिलिमीटरची दुर्बीण सुमारे २ विकला अंतरावरचे, सारख्या तेजाचे दोन तारे वेगळे करू शकते. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवावी. ती बाहेरच्या हवेइतकी थंड झाली की तारे थरथरत नाहीत. आणि मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी: दुर्बीण दिवसा सूर्याकडे कधीही वळवायची नाही, क्षणभरसुद्धा नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

मिझर आणि सुहा

सुरुवात सप्तर्षीपासून करावी. मार्च ते जून या महिन्यांत संध्याकाळनंतर ते उत्तरेला दिसतात. त्यांच्या शेपटीतला मधला तारा म्हणजे मिझर, आपल्याकडचा वसिष्ठ. नीट पाहिले की त्याला खेटून एक बारीक तारा दिसतो. मराठी मुलखात ती अरुंधती, लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. अरबांनी त्याला ‘सुहा’ म्हटले, म्हणजे दुर्लक्षिलेला, नजरेतून सुटणारा. नजर किती तेज आहे हे ते सुहावरून पारखत. मी दाखवतो सुहा आणि समोरचा दाखवतो चंद्र, अशा अर्थाची एक अरबी म्हणही आहे. बारीक मुद्दा सोडून ढोबळ उत्तर देणाऱ्याला ती लावतात. ‘मिझर’ हा शब्दही अरबीच. त्याचा अर्थ कमरेला गुंडाळायचे वस्त्र. आपल्या ‘इजार’चे मूळही तेच.

घरातल्या प्रत्येकाने आधी नुसत्या डोळ्यांनी सुहा शोधावा. मग दुर्बीण लावावी. सुहा दूर सरकतो आणि मिझर स्वतःच दोन होतो, १४ विकला अंतरावर दोन पांढरे ठिपके. १६१७ मध्ये बेनेडेट्टो कास्तेल्ली या शिष्याच्या सांगण्यावरून गॅलिलिओने हे पाहिले होते. गोष्ट तिथेही संपत नाही. १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत प्रकाशाच्या पृथक्करणातून कळले की त्या दोघांपैकी तेजस्वी तारासुद्धा जोडी आहे. ही जोडी कोणत्याही छोट्या दुर्बिणीत सुटी दिसत नाही. आता मिझरमध्ये चार आणि सुहामध्ये दोन, असे सहा तारे मोजले जातात.

सोनेरी आणि निळा

मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो अल्बिरिओ. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी हंस तारकासमूह माथ्याजवळून पश्चिमेकडे झुकलेला असतो. त्याच्या चोचीशी हा तारा आहे. अगदी कमी शक्तीच्या आयपीसमध्येही तो फुटतो. एक तारा मधासारखा सोनेरी आणि ३५ विकलांवर दुसरा निळा. हा रंग तापमानाचा. सोनेरी तारा तुलनेने थंड, निळा अधिक तप्त.

अल्बिरिओ हे नाव ऐकायला अरबी वाटते, पण ते अरबी नाही. अरब या ताऱ्याला ‘मिन्कार अल-दजाजा’, म्हणजे कोंबडीची चोच, म्हणत. लॅटिन हस्तलिखितांत एका शब्दाचा गैरसमज होत होत ‘अल’ने सुरू होणारे हे रूप तयार झाले. पुढची गंमत अशी की ही देखणी जोडी खरोखर जोडी आहे का, याबद्दलही आज खगोलशास्त्रज्ञांना शंका आहे. गाया या अंतराळ दुर्बिणीच्या मोजमापांवरून ते दोन तारे एकमेकांना बांधलेले नसावेत असे बऱ्याच जणांना वाटते. नाव अरबी वाटले तरी नसते, जोडी वाटली तरी नसू शकते. पारखून घेण्याचा हा धडा मुलांना आकाशातून फुकट मिळतो.

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत देवयानी तारकासमूहातला अल्माक पाहावा. हे नाव मात्र खरेच अरबी. ‘अनाक अल-अर्द’ या एका रानमांजराच्या नावावरून ते आले. याच देवयानीतला एक पुसट ढग अल-सूफींनी आपल्या ग्रंथात नोंदवला होता, जो आज देवयानी दीर्घिका म्हणून ओळखला जातो. अल्माकचे दोन तारे १० विकलांवर आहेत, एक नारिंगी-सोनेरी, दुसरा निळा. त्यांना सुटे पाहायला ६० ते ७० पट पुरते.

भाऊ, बहीण आणि कॅस्टर

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास मिथुन राशीतले दोन तेजस्वी तारे डोक्यावर असतात. त्यातला उत्तरेचा तो कॅस्टर. या काही वर्षांत रमजान याच दिवसांच्या आसपास येतो आहे, तेव्हा तरावीहवरून परतताना तो सहज सापडेल. शंभर पट वाढवले की साडेपाच विकलांच्या आसपासचे दोन पांढरे तारे दिसतात, मोटारीच्या दोन दिव्यांसारखे.

जोडताऱ्यांच्या इतिहासात कॅस्टरचे स्थान मोठे आहे. विल्यम हर्शेल हा मूळचा संगीतकार. इंग्लंडमध्ये त्याने स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवल्या आणि १७८२ मध्ये २६९ जोडताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. अशी निरीक्षणे करतानाच १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला होता. वर्षानुवर्षे मोजमाप घेत राहिल्यावर १८०३ मध्ये त्याने दाखवून दिले की कॅस्टरचे तारे एकमेकांभोवती फिरत आहेत. गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेच्या बाहेरही चालतो, याचा पहिला पुरावा असा मिळाला.

या कामात त्याची बहीण कॅरोलिन रात्र-रात्र शेजारी बसून नोंदी घेत असे आणि दिवसा हिशेब करत असे. तिने स्वतः अनेक धूमकेतू शोधले. १७८७ मध्ये राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. शास्त्राच्या कामासाठी पगार मिळवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिचे नाव घेतले जाते. दुर्बीण आणली की ती मुलाच्या हाती जाते आणि मुलीला ‘रात्री गच्चीवर काय काम?’ असे विचारले जाते. अशा घरात ही गोष्ट जरूर सांगावी.

एप्रिलमध्ये सिंह राशीतला अल्जीबा पाहावा. मघा ताऱ्याच्या वर, कोयत्याच्या पात्यासारख्या आकृतीत तो आहे. ‘जबहा’ म्हणजे कपाळ, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही तारे पिवळसर असून अंतर पाच विकलांहून कमी, त्यामुळे दुर्बीण आणि धीर या दोन्हींची परीक्षा होते. महाराष्ट्रातून तो जवळजवळ थेट माथ्यावरून जातो.

एका आयुष्याची फेरी

दक्षिणेकडे समुद्र किंवा मोकळे मैदान असेल तर मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास क्षितिजाजवळ नरतुरंग तारकासमूहातला मित्र शोधावा. याचे जुने अरबी नाव ‘रिज्ल कन्तूरुस’, म्हणजे नरतुरंगाचा पाय. मुंबईतून तो फक्त दहा अंश वर येतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून थोडा अधिक. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला चार वर्षे आणि काही महिने लागतात. सूर्यानंतरचे आपले सर्वांत जवळचे तारे याच कुटुंबातले.

तो जोडतारा आहे हे भारतातून समजले. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरीत जाँ रिशो हे फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत असताना त्यांना दुर्बिणीत या ताऱ्याच्या जागी दोन तारे दिसले. ते दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पुरी करतात. २०१६ च्या सुमारास ते आपल्याला खूप जवळ दिसत होते, आता अंतर वाढते आहे. आज दहा वर्षांच्या मुलाने त्यांचे चित्र वहीत काढून ठेवले आणि अल्लाहने त्याला नव्वदी दाखवली, तर ते पुन्हा जवळपास तसेच दिसतील. कॅस्टरची फेरी मात्र साडेचारशे वर्षांच्या घरातली. ती कोणा एकाला पूर्ण पाहता येत नाही. एकाने नोंद करायची आणि पुढच्याने ती पुढे न्यायची, असेच ते काम चालते.

शिअरा

शेवटी, ज्या ताऱ्याचे नाव कुरआन शरीफमध्ये आहे तो शिअरा, म्हणजे व्याध. सूरह अन-नज्मच्या ४९ व्या आयतीत अल्लाह हा शिअराचाही रब असल्याचे सांगितले आहे. त्या काळी काही अरब या ताऱ्याची पूजा करत, असे भाष्यकार लिहितात. व्याधही जोडतारा आहे. १८४४ मध्ये फ्रीडरिख बेसेलने त्याच्या डुलत्या चालीवरून न दिसणाऱ्या सोबत्याचा अंदाज बांधला आणि १८६२ मध्ये अमेरिकेत अल्वन ग्रॅहम क्लार्कला तो प्रत्यक्ष दिसला. व्याधाच्या झगमगाटात तो घरगुती दुर्बिणीला दिसत नाही.

या सोबत्याची फेरी ४९.९ वर्षांची आणि सूरहमधल्या आयती ४९ व ९, असा जुळवा दाखवणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ४९.९ हा आकडा जुन्या मोजणीचा. अलीकडच्या मोजणीत तो सुमारे ५०.१ आला आहे. मोजमाप सुधारत जाणे हा शास्त्राचा स्वभावच आहे. ईमान अशा आकड्यांना टांगले तर आकडा बदलल्यावर मुलाच्या मनात विनाकारण शंका उभी राहते. आयतीचा संदेश तर स्पष्ट आहे: ताऱ्याला पुजू नका, त्याच्या निर्मात्याला ओळखा. त्याला आकड्यांच्या टेकूची गरज नाही.

व्याधाऐवजी शेजारच्या मृग नक्षत्रातला रायजेल पाहावा. ‘रिज्ल’ म्हणजे पाय. त्याच्या लखलखाटाशेजारी साडेनऊ विकलांवर शेकडो पट फिका सोबती आहे. ध्रुवताऱ्याचा सोबतीही असाच, १८ विकलांवर. आज दिसला नाही तर हवा स्थिर असलेल्या रात्री पुन्हा प्रयत्न करावा. नजर सरावाने तयार होते.

एक साधी वही घ्यावी. तारीख, वेळ, आयपीस, ताऱ्यांचे रंग आणि दोन ठिपक्यांचे चित्र एवढे त्यात उतरवावे. कोणता रंग दिसायला हवा हे मुलांना आधी सांगू नये. अम्मीला निळा वाटलेला तारा मुलीला पांढरा वाटला तर दोन्ही लिहावे, खाली ज्याचे त्याचे नाव घालावे आणि पुढच्या मोकळ्या रात्री पुन्हा पाहावे.