घराची गोधडी

गोधडीत स्वतःची ऊब नसते. आपल्याच अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. थंड देशांतली घरं उबदार ठेवण्याचं शास्त्रही अखेर इथेच येऊन थांबतं, पण लक्ष जातं ते बॉयलरकडे आणि इंधनाच्या बिलाकडे. भिंती, छप्पर, काचा आणि फटी यांतून जेवढी उष्णता निसटते, तेवढीच हीटरला पुन्हा ओतावी लागते. रांजण गळका असेल तर धार वाढवण्याआधी भोक बुजवावं.

जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये १९९१ साली चार कुटुंबांसाठी उभ्या राहिलेल्या इमारतीने हे करून दाखवलं. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट त्यामागे होते. भिंतींना जाड उष्णतारोधक थर, खिडक्यांना तिहेरी काच, फटी बंद. त्यातून आलेल्या ‘पासिव्हहाउस’ मानकात तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिट उष्णता ही मर्यादा आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या घराला वर्षाला जेमतेम दीडशे लिटर डिझेलएवढी. अशा घरात माणसांचीही ऊब हिशेबात धरावी लागते, कारण शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. शिवाय सुख केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. खोलीत २० अंश असले तरी एकेरी काचेशेजारी बसलेल्याला गारठा जाणवतो. अंगातली उष्णता प्रारणाने काचेकडे जाते आणि काचेला लागून गार झालेली हवा पायांशी उतरते. रेडिएटर खिडकीखाली बसवतात तो याचसाठी. तिहेरी काच आतून फारशी गार पडतच नाही.

असं बंदिस्त घर कोंदट होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून तिथे हवा यंत्राने खेळवतात. बाहेर जाणारी उबदार हवा पातळ पत्र्यांपलीकडून आत येणाऱ्या थंड हवेला तापवते. दोन्ही मिसळत नाहीत, पण किमान ७५ टक्के उष्णता घरातच राहते. दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या इमारतीत हे सगळं एकदम जमत नाही, हे खरं. पण क्रम तरी पाळता येतो: आधी छप्पर आणि फटी, मग खिडक्या, शेवटी हीटर. गळती थांबल्यावर लहान हीटर पुरतो.

हाच उष्णतारोधक थर उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. त्यामुळे नागपुरात मोठा एसी घेण्याआधीही छताकडे एकदा पाहावं.